वाहणारी गाडी आणि ओढणारी गाडी

आखाजी जवळ आली की खानदेशात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणण्याची. आणि दुसरी, पीक बरे साधले असेल तर गाडी घेण्याची. पहिल्या गोष्टीवर आमच्याकडे गाणी आहेत, झोके आहेत, सगळे काही आहे. दुसरीवर मात्र विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापलीकडे वाचावयास काही मिळत नाही. म्हणून वसंतात भरणाऱ्या या व्याख्यानांत संतवाङ्मय आणि इतिहास यांच्या शेजारी मालवाहू गाडीलाही एक दिवस जागा द्यावी असे आम्हांस वाटले. विषय व्यासपीठाला शोभेसा नाही असे कोणी म्हणेल. पण ज्या व्यवहारात एका कुटुंबाचे पाच वर्षांचे उत्पन्न गुंतते आणि प्रसंगी माणसाचा जीवही गुंततो, तो विषय हलका कसा म्हणावा?

गाडी म्हणताना आमच्या मनात आहे ती ‘पिकअप’. रावेर-यावलकडे केळीची खोकी शीतगृहापर्यंत नेणारी, पारोळा-एरंडोलचा कापूस जिनिंगवर टाकणारी, साक्रीचा कांदा धुळ्याच्या बाजारात आणणारी चार चाकांची ही गाडी आता गावोगाव दिसते. पण हिचे वय फार नाही. आमच्या आधीच्या पिढीने छोटा माल वाहिला तो बैलगाडीतून आणि नंतर ‘टेम्पो’तून. हा ‘टेम्पो’ शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो एका जर्मन कारखान्याच्या नावातून आला हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. त्या कारखान्याच्या साहाय्याने १९५८ साली फिरोदिया यांनी ‘बजाज टेम्पो’ची तीनचाकी आपल्याकडे आणली आणि पुढे ‘मॅटाडोर’ आली. दुसरीकडे महिंद्रांची जीप होती. तिची चौकट मजबूत, चाके उंच. तिच्या मागच्या बाकांच्या जागी हौदा बसवला की पिकअप तयार. आजच्या बोलेरो पिकअपचे कूळ हेच. २००५ साली टाटांनी ‘एस’ काढली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. २०११ साली अशोक लेलँडची ‘दोस्त’ आली. धुळ्यासारख्या गावी, जेथे आग्रा रोड, सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरकडे जाणारा रस्ता एकमेकांस भेटतात, तेथे या गाड्यांचे पेव फुटले नसते तरच नवल.

आता मूळ मुद्दा. माल हलवण्याचे दोन मार्ग आहेत: अंगावर घेऊन वाहणे आणि मागे बांधून ओढणे. हमाल पोते पाठीवर घेतो तेव्हा तो वाहतो. बैल गाडीला जुंपला की तो ओढतो. दोन्ही कामांना ताकद लागते, पण ती वेगळ्या ठिकाणची. वाहणाऱ्याचा कणा भक्कम हवा, ओढणाऱ्याची पकड भक्कम हवी. अमेरिकेत पिकअपचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो तो मागे किती ओढेल हा. कारण तेथे लोक तिच्या मागे नाव बांधतात, घोड्यांची गाडी बांधतात, प्रसंगी चाकांवरचे घरही बांधतात. फोर्ड कंपनीची १९४८ पासून चालत आलेली एफ-मालिका तेथे अशाच कामांवर मोठी झाली. आपल्याकडे ही वाटणी निराळी आहे. ओढण्याचे काम ट्रॅक्टरचे, वाहण्याचे पिकअपचे. परदेशी चित्रे पाहून पिकअपच्या मागे ट्रॉली जोडण्याचे बेत करणारे तरुण आम्हांस भेटतात, म्हणून हा भेद थोडा उलगडून सांगतो.

पुष्कळांना कोडे पडते ते असे. शेतातला ट्रॅक्टर ४५-५० अश्वशक्तीचा, पिकअप ७० ते ८० अश्वशक्तीची. मग कमी ताकदीचा ट्रॅक्टर उसाची भरलेली ट्रॉली कसा ओढतो, आणि पिकअपला ते का साधत नाही? उत्तर गिअरमध्ये आहे. अश्वशक्ती म्हणजे केवळ जोर नव्हे. जोर आणि वेग यांचा तो गुणाकार आहे. ट्रॅक्टर आपला वेग सोडून देतो आणि त्याच्या बदल्यात जोर घेतो. पिकअपला महामार्गावर ताशी साठ-सत्तर किलोमीटरने धावायचे असते, म्हणून तिने जोर थोडा सोडलेला असतो. शिवाय ट्रॅक्टरची मागची चाके मोठी आणि जड, काळ्या मातीत रुतून पकड घेणारी. रिकामी पिकअप पावसाळ्यात बांधावरून शेतात घालून पाहावी: मागच्या चाकांवर वजन नाही, ती जागच्या जागी फिरतात आणि गाडी आपलाच खड्डा खणते. केळीचे घड आजही मजूर डोक्यावरून बांधापर्यंत आणतात, पुढे ट्रॅक्टर आणि मग डांबरी रस्त्यावर ट्रक वा पिकअप, ही साखळी उगाच पडलेली नाही.

पिकअपच्या मागे काही जोडायचेच असेल, पाण्याची टाकी म्हणा, जनित्र म्हणा, तर ध्यानात ठेवावे की जोडगाडी नुसती मागे येत नाही, ती आपल्या वजनाचा काही हिस्सा आकड्यावर टेकते. एक टनाच्या ट्रॉलीचा हा टेकू साधारण शंभर किलोंचा असावा लागतो. त्याहून फार कमी असेल तर ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. आणि हे शंभर किलो मागच्या आसाच्याही मागे पडत असल्यामुळे गाडीचे तोंड वर उचलू पाहतात. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही. माल मागे फार झाला की गाडी ‘उलाळ’ होते, पुढे फार झाला की ‘धुरजड’ होते. दोन्हींत बैलाचे हाल. पिकअपचे बैल म्हणजे तिची पुढची चाके. गाडी उलाळ झाली की सुकाणू हलके लागते. चालक म्हणतो, काय छान वळते! वास्तविक ती वळत नसते, तरंगत असते. पुढच्या चाकांत वळण्याची आणि थांबण्याची दोन्ही कामे असतात, आणि त्यांवरचे वजनच निघून गेलेले असते.

तेव्हा नवी गाडी घेताना पहिला प्रश्न ‘कितीची पासिंग?’ हाच असतो, आणि तो बरोबरही आहे. पण उत्तर समजून घ्यावे लागते. समजा गाडीचे रिकामे वजन १,७०० किलो आहे आणि मंजूर एकूण वजन ३,००० किलो. वजाबाकी केली की १,३०० किलो उरतात, आणि विक्रेता सांगतो तो आकडा हाच. पण या १,३०० मध्ये चालक आणि त्याचा सोबती बसायचे आहेत. दोघांचे १३० किलो गेले. कापसासाठी किंवा खोक्यांसाठी वर लोखंडी जाळी बसवली, ताडपत्री, दोर, जॅक घेतले. आणखी शंभर गेले. उरले १,०७०. म्हणजे सिमेंटची २१ पोती. हौद्यात ही २१ पोती आडवी लावली तर दोन थरांतच संपतात आणि फाळक्याच्या आतला बराचसा भाग रिकामा दिसतो. आमच्या मते गाडीवर जास्तीचे वजन घालण्याचे निम्मे पाप या रिकाम्या दिसण्यामुळे घडते. डोळा जागा पाहतो, पाटा वजन पाहतो.

उलट सुटा कापूस घ्या. जाळीच्या वर डोंगर झाला तरी वजनकाट्यावर तो हलकाच. त्याचीच गासडी बांधली की १७० किलोंची होते, आणि सहा गासड्यांत एक टन पार होतो. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोंची होती, २०१८ पासून ४५ किलोंची झाली; ‘तीस गोण्या म्हणजे दीड टन’ हा जुना हिशेब त्यामुळे चुकतो, आणि सुदैवाने सुखकर बाजूने चुकतो. ज्याला वर्षभर कापूस आणि कडबा वाहायचा आहे त्याने लांब हौदा पाहावा, ज्याला खत, सिमेंट, कांदा वाहायचा आहे त्याने मंजूर वजन पाहावे. दोघांनी एकच गाडी घेण्याचे कारण नाही.

येथे आमच्या भागातील एका प्रथेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. नवी गाडी पासिंग होऊन आली की पुष्कळ मालक ती थेट पाटेवाल्याकडे नेतात आणि मागच्या पाट्यांत एक-दोन पाने वाढवून घेतात. ‘आता अडीच टन घातले तरी बसत नाही,’ असे समाधानाने सांगतात. गाडी बसत नाही हे खरे. पण वजन पाट्यावरून पुढे कोठे जाते? आसावर जाते, चाकाच्या बेअरिंगवर जाते, टायरवर जाते, आणि थांबायच्या वेळी ब्रेकवर जाते. त्यांतले काहीच वाढलेले नसते. पाटा वाकणे ही गाडीची कुरकुर होती. जास्तीच्या पानाने ती कुरकुर बंद केली, दुखणे तसेच राहिले. कित्येक गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे पाटा किती वाकला यावरून ठरवणारी झडप असते. पाटा ताठ केला की त्या झडपेला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला ती रिकाम्या गाडीचा ब्रेक देते. आणखी एक गंमत अशी की ताठ पाट्याची गाडी अर्धी भरली असता दगडासारखी आदळते. केळीला तो मार रस्त्यावर दिसत नाही. पिकवण केंद्रातून फळ बाहेर आले की सालीवर काळे डाग होऊन दिसतो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीचा भाव एका पाट्याच्या पानाने खाली यावा, हा व्यवहार आम्हांस तरी कळत नाही.

ब्रेकचे महत्त्व सपाट रस्त्यावर पटत नाही. ते घाटात पटते. आमच्या मुलखाला सर्व बाजूंनी घाट आहेत. धुळ्याहून मुंबईकडे निघाले की लगेच लळिंगचा घाट, इंदूरकडे सेंधव्याअलीकडे बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी, आणि चाळीसगावाहून कन्नडकडे औट्रम घाट. समजा वीस मीटरला एक मीटर असा चढ आहे. तीन टनांची गाडी वर खेचावयास दीडशे किलोंचा जोर लागतो, आणि चाकांच्या घर्षणाला साधारण पंचेचाळीस. ताशी ३६ किलोमीटरने हा चढ चढायचा तर २६ अश्वशक्ती लागतात. गाडी साडेचार टनांची झाली की ३९ लागतात. तेवढी शक्ती इंजिनापाशी आहे, म्हणून गाडी चढते, आणि मालक खूष होतो. ‘चढली की!’

पण जे चढले ते उतरायचे आहे. चार किलोमीटरच्या अशा उतारात गाडी २०० मीटर खाली येते. तीन टनांची गाडी इतकी खाली येताना जी उष्णता निर्माण होऊ शकते तिच्यावर २० लिटर पाण्याला, म्हणजे दोन कळशा भरून पाण्याला, उकळी येईल. साडेचार टनांना तीन कळशा. या उष्णतेचा काही भाग चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातो, बाकीची एक तर इंजिनाने थोपवायची किंवा ब्रेकने गिळायची. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिन तिला मागे धरते. चालक मात्र डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून गाडी मोकळी सोडतो. सगळी उकळी ब्रेकच्या वाट्याला येते, अस्तर तापून गुळगुळीत होते, आणि घाटाच्या पायथ्याशी, नेमकी वळणावर, ब्रेक पायाखाली आहे पण लागत नाही अशी अवस्था येते. आणि यात डिझेलही वाचत नाही! आजच्या इंजिनांत उतारावर गाडी गिअरमध्ये असून पाय पेडलवरून उचललेला असला की डिझेलचा पुरवठा पूर्ण थांबतो. मोकळी सोडली तर इंजिन बंद पडू नये म्हणून थोडे डिझेल जाळीत राहते. ही एक गोष्ट प्रत्येक मालकाने आपल्या चालकाला, तो मुलगा असो वा पुतण्या, समोर बसवून सांगावी.

वेगाचे गणित याहून कठोर आहे. वजन दीडपट झाले तर ब्रेकवरचे काम दीडपट होते. वेग चाळिसावरून साठावर नेला तर ते सव्वादोनपट होते. दोन्ही एकदम केले तर तिप्पट-साडेतिप्पट. जास्तीचा माल घेतलेला चालक वेळही गाठू पाहतो, म्हणून दोन्ही बहुधा एकदमच होतात.

आता मालाच्या वर बसणाऱ्या माणसांविषयी. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला एक मालट्रक उलटला आणि १५ मजूर गेले. रावेर तालुक्याकडचे हातावर पोट असलेले लोक, दिवसभराचे काम करून मालाबरोबरच घराकडे निघालेले. ती गाडी पिकअपहून मोठी होती, पण प्रकार तोच. हौदा भरला की त्याच्यावर माणसे बसतात, आणि गाडीचा तोल जेथे एकवटतो तो बिंदू हातभर वर जातो. वळणावर किंवा रस्त्याची कड सुटली की उंच तोलाची गाडी आधी कलते आणि मग पडते. आणि पडताना वरची माणसे खाली आणि माल त्यांच्या अंगावर. हौद्यात ना पट्टा, ना आसन, ना धरावयास काही. मजुरीबरोबर परतीचा प्रवास फुकट, ही बोली आमच्याकडे सर्रास चालते, आणि मालकाला त्यात आपण उपकार करतो असेही वाटते. विम्याची बाजूही जाणून घ्यावी. मालवाहू गाडीत फुकट वा भाडे घेऊन बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीने द्यावी हे बंधन कायद्यात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी आणि गाडीवर नेमलेला नोकर यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांच्या घरी जे द्यावे लागेल ते गाडीमालकाच्या घरातून जाईल. मजूर न्यायचेच तर आसने असलेली गाडी वेगळी करावी. त्याचे भाडे मजुरीच्या हिशेबात धरणे काही अवघड नाही.

कायद्याचे बाकीचे थोडक्यात. मंजूर एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर त्या मालवाहू गाडीला वेगळा परवाना लागत नाही; वर गेले की लागतो. हलक्या गाडीचा चालक-परवाना असलेल्या माणसाला ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. गाडीची योग्यता-तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. जास्तीच्या वजनाला २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड, शिवाय दर जादा टनामागे २,००० रुपये, आणि जास्तीचा माल तेथेच उतरवण्याचा खर्च वेगळा. जादा दहा क्विंटलांचे भाडे किती मिळते हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

मग लोक जास्तीचे वजन घालतात का? अज्ञानाने, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे मूळ हप्त्यात आहे. समजा गाडीसाठी आठ लाखांचे कर्ज घेतले, पाच वर्षांचे, ११ टक्के व्याजाचे. दरमहा सुमारे १७,४०० रुपये हप्ता बसतो. एकूण फेड दहा लाख चव्वेचाळीस हजारांच्या घरात. आता समजा एका खेपेतून डिझेल, चालक, हमाली जाऊन हजार रुपये हाती राहतात. नुसत्या हप्त्याला महिन्यास अठरा खेपा हव्यात. विमा, टायर, दुरुस्ती यांचे पाच हजार धरले की तेवीस. कापूस घरी येण्याच्या दिवसांत आणि केळीच्या भर हंगामात तेवीस खेपा मिळतील, पण जुलै-ऑगस्टात? त्या महिन्यांत खेपा दहा होतात, हप्ता मात्र तोच राहतो. मग माणूस दहा खेपांत तेवीस खेपांचा माल घालू पाहतो. पाटेवाल्याकडचे ते जास्तीचे पान येथे जन्माला येते. म्हणून गाडीची निवड करताना आधी वर्षातले सर्वांत वाईट दोन महिने पाहावेत. त्या महिन्यांत हप्ता शेतीतून निघणार असेल तर गाडी घ्यावी. निघणार नसेल तर आणखी दोन हंगाम भाड्याची गाडी लावावी, किंवा भावाभावांनी मिळून एक घ्यावी. पुढे दर पडतील या आशेवर थांबणाऱ्याला एक दिलासा मिळालाही आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

परतीच्या खेपेचा विचार त्याच वेळी व्हावा. रावेरहून जळगावला केळी घेऊन गेलेली गाडी रिकामी परत आली तर तिचे निम्मे किलोमीटर फुकट गेले. जळगावहून ठिबकच्या नळ्या, टिश्यूकल्चरची रोपे, खत असे काही परतीला मिळते. धुळ्याहून चारी दिशांना मिळते. आडवळणाच्या गावाला मिळत नाही. ज्याच्या परतीच्या खेपेची सोय नाही त्याने मोठी गाडी घेऊन उपयोग नाही, लहान आणि काटकसरी घ्यावी. गॅसवर चालणारी घ्यायची तर टाक्यांचे वजन मालातून वजा करावे, आणि गॅसचा पंप आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे का ते पाहावे.

अखेरची गोष्ट गाडी पाहण्याची. विक्रेता चाचणीसाठी रिकामी गाडी देतो आणि ती गुळगुळीत रस्त्यावर फिरवून आणतो. रिकामी पिकअप ही निराळीच वस्तू आहे. शक्य असेल तर आपल्या ओळखीत तीच गाडी वापरणारा कोणी शोधावा, ती मंजूर वजनाइतकी भरून काट्यावर तोलून घ्यावी, आणि मालकाला शेजारी बसवून लळिंगच्या घाटात चढवून उतरवावी. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुंथते का, उतरताना त्याच गिअरमध्ये ती धरून राहते का, खाली आल्यावर चाकांजवळ जळका वास येतो का, आणि सपाटीवर दोन्ही हात सुकाणूवर हलके ठेवून ब्रेक दाबला असता गाडी एका अंगाला ओढते का, एवढे पाहिले तरी पुरे. मागचा पाटा या वजनाला थोडा वाकलेला दिसेल. तो वाकलाच पाहिजे.